पिठातली पाकोळी

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. दुपारी तिला चुलबंद नदीवर नेलं. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा मागच्या भिंतीवरचा बल्ब लागलेला नव्हता, कारण तो रोज ती लावत असे.

आमचं घर कोहमाऱ्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत आहे. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, आणि त्यांच्या पलीकडे जंगलाची कड. मागची भिंत तिने चुन्याने पांढरी करून घेतली होती आणि वरच्या बाजूला बल्बसाठी होल्डर बसवून घेतला होता. रात्री त्या उजेडाला पतंग येऊन भिंतीवर बसायचे. उजाडायच्या आधी ती चहाचा कप घेऊन त्यांना बघायला जायची. उजाडलं की कोतवाल पक्षी तारेवर येऊन बसतात आणि भिंत साफ करून टाकतात. त्यांच्या आधी पोचायचं, एवढीच तिची घाई असायची. बाकी ती कशाचीच घाई करत नसे.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पतंगांची यादी ती कागदावर करायची आणि मी ती रविवारी संगणकावर टंकून द्यायचो. लॅटिन नावांचं स्पेलिंग मला तिच्यापेक्षा बरं यायचं. नावं मला पाठ होती, पण ती कोणाची हे सांगता आलं नसतं. भिंतीवर बसलेला पतंग मला दुसऱ्या पतंगासारखाच दिसायचा. ती म्हणायची, "तुम्हाला सगळ्या गावाचे पत्ते माहीत आहेत, पण ओळखीचं माणूस एक नाही."

कुठे जायला निघालो की कोहमाऱ्याच्या ढाब्यांपाशी ती स्कूटर थांबवायला लावायची. रात्रभर जळलेल्या ट्यूबलाइटखाली, भिंतीवर, टेबलांखाली ती वाकून बघत असे. ट्रक धुणारे ड्रायव्हर बघत राहायचे. एकदा एकाने विचारलं, "मॅडम, क्या गिर गया? चिल्लर?" ती म्हणाली, "चिल्लर नहीं भैया, पाकोळी." पतंगाला आमच्याकडे पाकोळी म्हणतात, त्याला ते कळलं नाही. तो दुसऱ्याला म्हणाला, "बाई का कुछ सोने का गिरा है, बता नहीं रही." मग दोघंही टेबलं उचलून शोधायला लागले. घरी येईपर्यंत ती हसत होती.

त्या मंगळवारी ती भिंत बघून आत आली, कप ओट्यावर ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसली. मी पेपर वाचत होतो. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस ज्या जागी गेलं तिथे रात्री पीठ पसरतात, मधोमध तेलाचा दिवा ठेवतात आणि त्यावर बांबूची टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठात कसला ठसा उमटला ते बघायचं. पाखराचा पाय दिसला तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, मुंगीची रांग दिसली तर मुंगीच्या. इकडे धान पिकतं, म्हणून पीठ तांदळाचं. माझ्या सासूबाईंनी ते स्वतः चाळलं आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली, मुलगी जिथे बसली होती तिथे, पसरलं. टोपली शेजारून आणली होती. तिच्या काठाची एक कांबी तुटलेली होती. दुसरी शोधायला कोणाच्या अंगात बळ नव्हतं.

मी या रीतीकडे लक्ष दिलं नाही. कोणी विचारलं असतं तर माझा यावर विश्वास नाही असं म्हणालो असतो. पण कोणी विचारलं नाही.

पहाटे बायका जमल्या. सासूबाईंनी टोपली उचलली. मी दारात उभा होतो. दिवा विझला होता. पीठ एका बाजूला विस्कटलं होतं, त्यात बारीक पंखा फिरल्यासारख्या रेघा होत्या, आणि दिव्याच्या वातीजवळ एक पांढरा पतंग पिठात पडला होता. तो मेलेला होता. पंख छपरासारखे मिटलेले होते.

"पाखराचा पाय आहे हा," एक बाई म्हणाली.

"कुटचा पाय? पाकोरी आहे. पाकोरीच पडली आहे तिथं, दिसत नाई का तुले?"

"मंग पाकोरीच झाली व ते."

"जिंदगीभर पाकोऱ्याच धुंडल्या तिनं," मागून कोणीतरी म्हणालं. "दुसरं कायचं होईल?"

कोणी हसलं नाही, पण कोणी त्या बाईला गप्पही केलं नाही. सासूबाई खाली बसल्या होत्या. त्यांनी पतंगाखाली बोट घातलं आणि तो तळहातावर घेतला. मग म्हणाल्या, "तिचा करंडा द्या."

करंडा पितळेचा होता, दोन घरांचा, हळदीचा आणि कुंकवाचा. माझी पत्नी नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे अहेव गेली, म्हणून तिला नदीवर नेताना त्याच करंड्यातलं हळदकुंकू लावलं होतं. सासूबाई त्यात बोट घालणार तेवढ्यात एक वयस्कर बाई म्हणाली, "तुमी नोका लावू. सवाष्णीले लावू द्या." सासूबाईंचे पती जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्यांनी वर बघितलंदेखील नाही.

"माही पोरगी आहे," त्या म्हणाल्या. "मीच लावीन."

त्यांनी पतंगाच्या दोन्ही पंखांवरून हळदीचं बोट ओढलं. मग डोक्यावर कुंकू टेकवलं. मग करंड्याचं हळदीचं घर पुसून त्यात एक कापराची वडी ठेवली आणि पतंगाला तिथे निजवलं. तेरवी झाल्यावर त्या आपल्या गावी, कामठ्याला परत गेल्या तेव्हा करंडा सोबत घेऊन गेल्या. मला विचारलं नाही, आणि मला विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटलंही नाही.

त्यानंतर घरात मी एकटा राहिलो. आम्हाला मूल नाही. मी डबा घेऊन कॉलेजात जायचो, परत यायचो, कुलूप उघडायचो. लोक आधी येत होते, मग धान लावायचे, रोवणीचे दिवस आले आणि येणं कमी झालं. शेतीवाल्यांच्या गावात पावसाळ्यात कोणी कोणाच्या घरी बसायला जात नाही, त्यात कोणाचा दोष नाही. बांध्यांतून बायकांचं बोलणं ऐकू यायचं. संध्याकाळी ते थांबलं की मग काहीच ऐकू यायचं नाही. मागचा बल्ब मी लावत नव्हतो.

एक दिवस तिच्या फोनवर एक निरोप आला. नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. पतंग बघणाऱ्या लोकांचा फोनवर एक गट आहे, त्यात त्या तिला ओळखायच्या, प्रत्यक्ष कधी भेटल्या नव्हत्या. जिल्ह्यातल्या पतंगांची नोंद एकत्र करायचं काम त्यांनी घेतलं होतं आणि त्यांना तिची यादी हवी होती. ती गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, यादी तुमच्याकडे असेल तर पाठवा. तिच्या नावानेच जाईल."

मी यादी पाठवली. पाठवण्याआधी एकदा वाचली, सवयीने, स्पेलिंग तपासायला. वाचता वाचता मला पिठातला पांढरा पतंग आठवला. तो या यादीत असेल का? तिने भिंतीवर तसा कधी पाहिला होता का? मी तिचं पतंगांचं पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच त्यातली चित्रं बघायला बसलो.

हे काम मी समजत होतो त्याहून अवघड निघालं. पांढरे पतंग पुष्कळ आहेत. मला एवढंच आठवत होतं की तो बोटाच्या दोन पेरांएवढा होता, पंख छपरासारखे मिटले होते आणि पांढऱ्यावर मळकट रेघा होत्या. काही संध्याकाळी मी तेच करत होतो. जेवण झालं की पुस्तक घ्यायचं आणि एकेक चित्र त्या सकाळच्या आठवणीशेजारी ठेवून बघायचं. हळूहळू दोनच चित्रं उरली. दोन जाती, सख्ख्या बहिणींसारख्या. ठेवण एक, रेघा एक. फरक रंगाच्या एका कडेचा. एकीच्या पुढच्या पंखाची कड पिवळी, दुसरीची लाल. पुस्तकात लिहिलं होतं की पिवळी दक्षिणेकडची आणि लाल उत्तरेकडची. आमच्या भागाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दोन चित्रांच्या शेजारी तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते बघितल्यावर मला तिचं बोलणं आठवलं. एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली होती की आपला जिल्हा या दोघींच्या मधे पडतो, दोघींपैकी एक तरी इथे असणारच, पण भिंतीवर अजून येत नाही. "कोणती येते बघू," ती म्हणाली होती. मी बहुधा "हं" म्हटलं असेल.

ती ज्या पतंगाची वाट बघत होती तो तिच्या घरात आला होता, ती गेली त्याच रात्री. मला यात दैवी असं काही दिसत नव्हतं. त्या रात्री भिंतीवरचा बल्ब लागला नाही, सुतकाच्या घराची दारं उघडी होती, आणि घरात उजेड एकाच जागी होता, टोपलीखाली. जो पतंग भिंतीवर बसला असता तो तुटलेल्या कांबीच्या फटीतून आत गेला. पण तिच्या यादीत तो लिहायचा राहिला होता, आणि तो लिहिला जावा असं मला फार वाटू लागलं. तिच्यासाठी करण्यासारखं एवढं एकच काम माझ्यापाशी उरलं होतं.

नागपूरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आठवणीवर नोंद घेता येत नाही. फोटो तरी पाहिजे, नाहीतर पतंग."

फोटो कोणी काढला नव्हता. पतंग कामठ्याला करंड्यात होता.

मी कामठ्याला गेलो. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. माझ्यासाठी चहा झाला, भजी झाली, मी किती वाळलो ते बोलून झालं. मेव्हणा बांधीतून आला, चिखलाचे पाय धुऊन बसला. मग मी विषय काढला. पुस्तक सोबत नेलं होतं, ती दोन चित्रं दाखवली.

सासूबाईंनी चित्रांकडे नीट बघितलं. "मंग? काय करता पाहून?"

"फक्त रंग बघायचा आहे, आई. कडेचा."

"आन मंग?"

"मग नाव लिहायचं. तिच्या यादीत."

"तिले नाव आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या बापानं ठेवलं होतं."

मेव्हणा म्हणाला, "माय, तसं नाई म्हनत भाऊजी."

"तू चूप रे. मले समजते." त्या माझ्याकडे वळल्या. "शाळेत पाह्यलं म्या. तिनंच दाखवलं होतं. काचीच्या पेटीत पाकोऱ्या, आन एकेकीच्या पाठीत सुई. तुमी तिले सुई टोचान."

"नाही टोचणार."

"तुमी नाई तं ते नागपूरवाले टोचतीन. काऊन द्यावं म्या?"

मॅडमनी खरोखरच फोटो नाहीतर पतंग मागितला होता. मी पुस्तक पिशवीत ठेवलं. निघताना सासूबाईंनी पोहे आणि वांगी बांधून दिली आणि दारापर्यंत आल्या. "रागाऊ नोका, बापू," त्या म्हणाल्या. मी रागावलो नव्हतो. त्यांना आपली मुलगी म्हणून ती पाकोळी हवी होती आणि मला तिचं काम म्हणून. परतीच्या बसमध्ये मला वाटत राहिलं की त्यांच्याकडे निदान करंडा आहे.

पुढच्या आठवड्यात मेव्हण्याचा फोटो आला. आईने शुक्रवारी उदबत्ती ओवाळायला करंडा उघडला तेवढ्यात काढला, असं त्याने कळवलं होतं. "टेन्शन नका घेऊ भाऊजी, मायले नाही समजलं." फोटो वरून काढलेला होता. अर्धा भाग करंड्याच्या काठाच्या सावलीत होता. पण पंख दिसत होते, पांढरे, आणि त्यांच्या पुढच्या कडेने स्पष्ट पिवळी पट्टी होती.

मी फोटो मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. आवाजात आनंद होता. ही दक्षिणेकडची जात, इतक्या उत्तरेला त्यांनी कधी बघितली नव्हती. "सर, ही फार चांगली नोंद आहे. तिच्या यादीतली सगळ्यात चांगली." मी ते नाव टंकलं. दोन शब्दांचं नाव, दोनदा तपासलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी वरणाला हळद टाकताना डब्यातली हळद माझ्या बोटाला लागली. मी पाणी घ्यायला हात पुढे केला आणि नळाखाली तसाच धरून उभा राहिलो. तो पिवळा रंग मी आदल्याच दिवशी बघितला होता.

तिथे, त्याच ओट्याखाली, सासूबाईंनी पंखांवरून हळदीचं बोट ओढताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी फोटोत पिवळं बघितलं, पुस्तकात पिवळं बघितलं आणि जुळवून मोकळा झालो. माणसं पुस्तकातून शिकली की असं होतं, असं ती म्हणाली असती. म्हणाली नसती कदाचित, नुसती हसली असती.

मी मॅडमना फोन केला आणि म्हटलं, "ती नोंद थांबवा. ती हळद असू शकते."

"काय असू शकते?"

"हळद. पंखाला हळद लावलेली आहे."

"सर," त्या म्हणाल्या, "पतंगाला हळद लावतं कोण?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पीठ, दिवा, टोपली, करंडा. आधी सांगितलं नव्हतं, कारण ते शास्त्राच्या कामाचं नाही असं मला वाटलं होतं. त्या ऐकत होत्या. त्या मूळच्या शहरातल्या, त्यांना ही रीत ऐकूनही माहीत नव्हती. शेवटी म्हणाल्या, "पंख पुसायला जाऊ नका, पंखांवरची पूड निघून जाईल आणि खरा रंगही जाईल. डोक्याला काही लावलं आहे का?"

"कुंकू."

"म्हणजे डोक्यावरचा रंगही गेला." मग त्यांनी विचार करून सांगितलं की या दोन जातींत पायांनाही तोच रंग असतो, पुढच्या पायांच्या वरच्या भागाला. मेलेला पतंग पाय पोटाखाली घेतो. तिथपर्यंत हळदकुंकू पोचलेलं नसेल तर रंग तिथे बघता येईल. "पण त्यासाठी तो उलटा करावा लागेल, सर. उचलून."

मी मेव्हण्याला एवढंच कळवलं की आधीचं नाव चुकलं, हळदीमुळे. पुढे काही मागितलं नाही. परत जाऊन सासूबाईंसमोर पुस्तक उघडायची माझी हिंमत नव्हती. यादीतलं नाव मी खोडलं. तिच्या बाकीच्या नोंदींच्या खाली ती जागा मोकळी राहिली.

भाद्रपदात पितरांचा पंधरवडा आला. त्यातली नवमी अहेव गेलेल्या बायकांची. त्या दिवशी त्यांच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. मी शेजारच्या वहिनींना जेवायला बोलावलं होतं आणि त्याच माझ्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करत होत्या, कारण मला पुरण येत नाही. अकराच्या सुमाराला अंगणात मोटरसायकल थांबली. मेव्हण्याच्या मागून सासूबाई उतरल्या. छातीशी कापडी पिशवी धरलेली होती.

त्या पाणी प्यायल्या, देवासमोर जाऊन आल्या आणि मागच्या ओसरीवर, जिथे उजेड होता तिथे, बसल्या.

"माह्या हरदीनं तिचं नाव चुकलं म्हनते हा," त्या म्हणाल्या.

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो बांधीकडे बघत होता.

"तुमची चूक नाही, आई. मला आधी लक्षात यायला हवं होतं."

"कोनाची का असंना. पर माही पोरगी दुसऱ्या कोनाच्या नावावर नोको." त्यांनी पिशवीतून करंडा काढला. "पाहून घ्या. पर मी धरीन. तुमी हात नोका लावू."

मी तिचं भिंग आणलं आणि रंग पोटाखाली, पायांना बघायचा आहे असं सांगितलं. स्वयंपाकघरातून वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी झाकण उघडलं. कापराचा वास आला. पतंग तसाच होता, थोडा आक्रसलेला, पंखांवर पीठ, त्यावर हळद आणि डोक्यावर कुंकू. त्यांनी खराट्याची एक काडी मोडून घेतली. काडी त्याच्या अंगाखाली घातली, दुसऱ्या हाताचं बोट वरून आधाराला धरलं, आणि लहान बाळाला कुशीवर वळवावं तसं त्याला उलटं केलं. मला वाटलं पंख तुटेल. त्यांचा हात हलत नव्हता.

पोटाखाली पाय मिटलेले होते. मी भिंग धरलं. पायांची टोकं काळसर होती. वरचा भाग लाल होता. हळद नव्हती, पीठही नव्हतं, स्वच्छ लाल होता.

"काय दिसते?" सासूबाईंनी विचारलं.

"लाल."

"कुकू सांडलं असन."

"नाही, आई. कुंकू तुम्ही वरून लावलं. खाली पोचलेलंच नाही. हा तिचा स्वतःचा रंग आहे."

त्यांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि डोळ्याला लावलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. त्यांना भिंगातून नीट दिसत होतं की नाही मला माहीत नाही.

"तिचं सोताचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी लावाच्या आंधीचं."

"हो."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी पतंगाला परत सरळ केलं आणि झाकण लावण्याआधी त्याच्याकडे बघून, त्या पहाटे हळद लावू नका म्हणणाऱ्या बाईला उत्तर देत असल्यासारखं म्हणाल्या, "पाहा. कायले बोलून राहिल्या होत्या मले."

फोटो मी काढला होता, उलट्या बाजूचा, पायांचा. त्यांच्या परवानगीने. संध्याकाळी तो नागपूरला गेला आणि रात्रीपर्यंत मॅडमचं उत्तर आलं. उत्तरेकडची जात, लाल कडेची. आमच्या जिल्ह्यातून त्यांच्याकडे आलेली तिची ही पहिली नोंद. नावाबद्दल आता शंका नव्हती. नोंदीत भरायला त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: पतंग कोणत्या उजेडाला आला आणि तो पहिल्यांदा कोणी पाहिला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी "तेलाचा दिवा" असं लिहिलं. दुसऱ्यावर अडलो. या एका ओळीसाठी मी पावसाळाभर धडपडत होतो, तिचं नाव इथे यावं म्हणून. मॅडमनी कदाचित हरकत घेतली नसती. पण तिने हा पतंग पाहिला नव्हता. तिच्या यादीत न पाहिलेलं काहीही नव्हतं. दुसऱ्याने सांगितलेलं, ढाब्यावाल्याने फोनवर वर्णन केलेलं, ती लिहीत नसे. "मी पाहिला तर लिहीन," म्हणायची. तो तिचा नियम होता आणि तो मोडायचा अधिकार मला नव्हता.

सासूबाई त्या रात्री माझ्याकडेच राहिल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "आई, तुमचं नाव लिहू का?"

"माह्य? माह्य नाव कायले?"

"टोपली तुम्ही उचलली. सगळ्यात आधी तुम्ही पाहिलं."

त्यांनी विचार केला. "पाह्यलं तं म्याच," त्या म्हणाल्या. "लिवा मंग. पुरं लिवा. तिच्या बापाचं नाव बी येऊ द्या मंधात."

मी पुरं नाव लिहिलं.

सकाळी मेव्हणा न्यायला आला. जाताना त्यांनी करंडा पुन्हा छातीशी धरला. मी तो मागितला नाही. अंगणाच्या फाटकाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तो बलप लावत जा मांगचा. अंधार दिसते घर."

करंडा कामठ्याला देवघरात आहे. जिल्ह्याच्या यादीत त्या पतंगासमोर सासूबाईंचं नाव आहे. तिची यादी होती तिथेच थांबली आहे, आणि तिच्याखाली मी काही लिहिलेलं नाही. मागचा बल्ब मी रोज लावतो आणि कोतवाल यायच्या आधी उठून भिंतीपाशी जातो. थोडे पतंग मला आता ओळखू येतात.